जुन्या गोव्याची वाट आणि निकियाचा देव

सावंतवाडी ते जुनं गोवा हे अंतर साठ-पासष्ट किलोमीटरचं. ३ डिसेंबरला संत फ्रान्सिस झेवियरचं, म्हणजे गोंयच्या सायबाचं फेस्त. त्याआधी २४ नोव्हेंबरपासून नऊ दिवस नोव्हेना चालते. त्या दिवसांत सिंधुदुर्गातून, बेळगावातून, कारवारकडून माणसं पायी निघतात. सगळी ख्रिस्तीच असतात असं नाही. आमच्या घोळक्यात बांद्याची हिंदू जोडपीसुद्धा होती, नवस फेडायला निघालेली. त्यांनी वाटभर आमच्याबरोबर तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, ऐकली आणि विश्रांतीच्या जागी आम्ही त्यांचे अभंग ऐकले.

तेर्स चालता चालता म्हणतात. पुढचे अर्धे ‘नमो मारिये’ म्हणतात, मागचे ‘पवित्र मारिये’ने ती उचलतात. हायवेवरून एखादा ट्रक घोंघावत गेला की मागच्यांना पुढचं काही ऐकू येत नाही, दोन्ही प्रार्थना एकमेकींत मिसळतात. मग एखादी म्हातारी मोठ्यानं सूर लावते आणि सगळा घोळका पुन्हा ताळ्यावर येतो. ऊन टाळायला आम्ही अंधारातच निघायचो.

माझ्याबरोबर माझा एक जुना विद्यार्थी चालत होता. आता इंजिनीयर आहे. त्याच्या आईनं आजारपणात आंगवण केली होती, बरी झाले तर सायबाकडे चालत जाईन म्हणून. ती बरी झाली नाही, गेली. पत्रादेवीचा नाका मागे पडल्यावर तो म्हणाला, “बरी झाली असती तर ती चालणार होती. ती गेली, म्हणून मी चालतोय. पण टीचर, देव खरोच आसा?”

हा प्रश्न मी शाळेत, चर्चमध्ये, घरात पुष्कळ वेळा ऐकलाय. पण बोलणाऱ्याच्या तोंडाकडे न बघता, पुढच्या माणसाच्या टाचांकडे बघत विचारला गेला की तो जास्त खरा वाटतो. त्याच्या हातात काठी होती. मी त्याला तेराव्या शतकातल्या ख्रिस्ती तत्त्वज्ञ थॉमस अक्वायनसबद्दल सांगितलं. देव आहे हे दाखवायला अक्वायनसनं पाच मार्ग मांडले आणि पहिल्याच मार्गात त्याचा दाखला काठीचा आहे. काठी हलते कारण हात तिला हलवतो. काठीनं दुसरी काठी, दुसरीनं तिसरी हलवली, अशी कितीही लांब रांग लावली तरी हात नसेल तर एकही काठी हलणार नाही. अक्वायनस इथे विश्वाची सुरुवात कधी झाली याबद्दल बोलत नाही. विश्वाला आरंभ होता हे तर निव्वळ तर्कानं सिद्ध करता येत नाही, असंच त्याचं मत होतं. तो आत्ताबद्दल बोलतो. या क्षणी जे काही बदलतंय, त्याच्या मुळाशी स्वतः कशावरही अवलंबून नसलेलं काहीतरी आत्ता असलं पाहिजे.

मला हा युक्तिवाद पटतो. विज्ञानामुळे तो बाद झाला असं अनेक जण म्हणतात, पण त्यातल्या बहुतेकांनी तो ‘पहिला धक्का कोणी दिला’ असा वाचलेला असतो. आणि अक्वायनस स्वतः लगेच पुढे बजावतो की देव काय आहे हे आपल्याला कळू शकत नाही, काय नाही एवढंच कळतं. देव म्हणजे जगातल्या वस्तूंच्या यादीतली आणखी एक, सर्वांत मोठी वस्तू नव्हे. म्हणून दुर्बिणीतून तो सापडला नाही याचं मला कधी आश्चर्य वाटलं नाही.

कोलवाळच्या पुलापर्यंत पोरगा गप्प होता. शापोऱ्याचं पाणी बघत म्हणाला, “काठीमागचा हात मान्य केला, टीचर. पण त्या हाताशी माझ्या आईबद्दल भांडायचं कसं?”

इथे अक्वायनसचे पाच मार्ग संपतात, आणि ते तिथे संपतात हे त्यालाही ठाऊक होतं.

म्हापशाला मिलाग्रिस सायबिणीच्या, म्हणजे मारियेच्या, चर्चच्या पायरीवर बसून आम्ही पाय चोळले. ही सायबीण शिरगावच्या लईराई देवीची बहीण, असं इथे हिंदूही मानतात आणि तिला तेल वाहतात. बांद्याच्या बायकांनीही तेल आणलं होतं. आमच्यातल्या एकानं कुरकुर केली की हे काही ख्रिस्ती शिकवणीत बसत नाही. बसत नाही, खरंच आहे. पण दुःख घेऊन दाराशी आलेल्या माणसाची परीक्षा घ्यायला मी काही उभी राहणार नाही.

म्हापसा सोडल्यावर मी निकियाच्या चर्च परिषदेची गोष्ट काढली. गेल्या वर्षी, २०२५ मध्ये, त्या परिषदेला १७०० वर्षं पूर्ण झाली. आजच्या तुर्कस्तानातल्या त्या गावात इ. स. ३२५ मध्ये सम्राट कॉन्स्टंटाइननं बिशपांना बोलावलं, कारण अलेक्झांड्रियाचा एरियस नावाचा पाद्री शिकवत होता की पुत्र, म्हणजे येशू ख्रिस्त, हा पित्यानं निर्माण केलेला आहे. सगळ्या सृष्टीच्या आधीचा, सगळ्यांहून श्रेष्ठ, पण निर्माण केलेलाच. एरियसचा हेतू वाईट नव्हता. देव इतका पवित्र, इतका अढळ की त्यानं भूक, घाम, मरण यांना शिवताच कामा नये, असं त्याला वाटे. परिषदेनं ते नाकारलं. पुत्र हा खऱ्या देवापासूनचा खरा देव, पित्याशी तत्त्वानं एकच, असं ठरलं. त्यावरचा वाद पुढे पन्नासेक वर्षं चालला आणि निकियाची बाजू लढवणाऱ्या अलेक्झांड्रियाच्या बिशप अथनाशियसला त्यापायी पाचदा हद्दपार व्हावं लागलं.

पोरानं विचारलं, “यानं फरक काय पडतो?”

माझ्या मते सगळाच पडतो. एरियस बरोबर असेल तर देवानं आपल्या दुःखात एक वरिष्ठ नोकर पाठवला आणि स्वतः कोरडा राहिला. निकिया बरोबर असेल तर गालीलातल्या धुळीतून जे पाय चालले ते देवाचे होते आणि क्रूसावरून ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ ही स्तोत्रातली ओळ ओरडली ती देवानंच. चर्चनं इथेही शब्द जपून वापरलेत. देवपण म्हणून देव दुखावत नाही, पण ज्यानं दुःख भोगलं तो, त्या मानवी देहात, देवच होता. काठीमागचा हात खिळ्यानं भोसकला गेला, असं आम्ही मानतो. हे तर्कानं सिद्ध होत नाही. यावर श्रद्धा ठेवावी लागते, आणि मी ठेवते.

“मग आईला का नेलं?”

याचं उत्तर मी दिलं नाही. अंत्यविधीच्या वेळी कोणीतरी त्याला सांगितलं होतं की देवाला चांगली माणसं लवकर हवी असतात. त्या वाक्याचा मला संताप येतो. बायबलमधल्या ईयोबाच्या पुस्तकात दुःखानं पिचलेल्या ईयोबाला त्याचे मित्र अशीच सुबक उत्तरं देत बसतात आणि शेवटी देव त्यांच्यावरच रागावतो. माझ्याविषयी तुम्ही नीट बोलला नाहीत, ईयोब बोलला, असं म्हणतो. देवाला जाब विचारणारा ईयोब! मी पोराला एवढंच म्हटलं की भांडायचंय तर भांड, बायबलातल्या स्तोत्रसंहितेत कितीतरी स्तोत्रं भांडणाचीच आहेत. पर्वरीचा उतार उतरून मांडवीच्या पुलावर येईपर्यंत तो मनातल्या मनात भांडत होता की नाही, मला माहीत नाही. पावलं जोरात टाकत होता खरा.

पणजीहून रायबंदरकडे जाणारा तो सतराव्या शतकातला लांब सेतू संपता संपत नाही. एका बाजूला खारफुटी, दुसऱ्या बाजूला मांडवी. तिथे सगळ्यांचीच बोलणी थांबली. पुढे जुन्या गोव्यात फेस्ताची दुकानं, खाजं, मेणबत्त्या, आणि गिलावा उतरवल्यापासून नुसत्या लाल चिऱ्यात उभी असलेली बों जेजूसची बासिलिका. १५५२ मध्ये चीनच्या किनाऱ्याजवळच्या एका बेटावर ताप येऊन मेलेल्या माणसाचं शरीर तिथे चांदीच्या पेटीत उंचावर आहे. आम्ही त्याची आराधना करत नाही. आराधना एका देवाचीच. त्यानं आमच्यासाठी विनंती करावी एवढंच मागतो. पोरानं आईच्या नावाची मेणबत्ती लावली.

मिस्सेत मतांगीकार, म्हणजे श्रद्धेची सामूहिक कबुली, सुरू झाला तेव्हा तो उभा राहिला, पण ओठ हलवले नाहीत. मला ते आवडलं. न पटलेली वाक्यं म्हणू नयेत.

परतीच्या बसमध्ये त्यानं अथनाशियसचं काही वाचायला मिळेल का असं विचारलं. मी म्हटलं, ते नंतर. आधी मार्कचं शुभवर्तमान वाच, सोळाच अध्याय आहेत, एका बैठकीत होतात. गेल्या आठवड्यात त्याचा फोन आला. चौदाव्या अध्यायात, येशू अटकेआधी प्रार्थना करतो त्या गेथसेमानीच्या बागेपाशी अडकलाय, आणि त्याला विचारायचंय की देवच जर प्रार्थना करत होता तर कोणाला.