टाकी लावलेला पाटा

गावात मला अजून 'सिस्टर'च म्हणतात. नागपूरच्या एका खासगी दवाखान्यात प्लास्टिक सर्जरीच्या ऑपरेशन थिएटरमध्ये २२ वर्षं काढली, आणि आता आर्वी तालुक्यातल्या सासरच्या घरी येऊन राहिले आहे. बीपी पाहून घ्यायला आलेल्या बाया अंगणात गप्पा हाणत बसतात. दिवाळीला पुण्याहून आलेली एखादी पोट्टी मात्र सगळ्या उठून जाईपर्यंत रेंगाळते आणि मग हळूच विचारते, "मावशी, छातीचं ऑपरेशन करीन म्हणतो. खरखरीत टाकू का गुळगुळीत?" छातीला आकार द्यायला आत बसवतात ती सिलिकॉनची पिशवी, म्हणजे इम्प्लांट, खरखरीत (टेक्स्चर्ड) घ्यावी का गुळगुळीत, हे इतक्या जणींनी विचारलं, म्हणून एकदाचं लिहूनच काढते.

का करतेस, हे मी विचारत नाही. कोणाची हौस असते, कोणाची एक बाजू वयात येताना वाढलेलीच नसते. ते तिचं तिच्यापाशी.

आमच्या दारी पूर्वी टाकी लावणारी बाई यायची. पाटा वापरून वापरून गुळगुळीत झाला की वरवंट्याखालून मसाला सटकतो. ती छिन्नीनं त्यावर बारीक खड्डे पाडून द्यायची. टेक्स्चर्ड इम्प्लांट म्हणजे टाकी लावलेला पाटा. एका पद्धतीत सिलिकॉनच्या कवचावर मिठाचे कण बसवतात आणि मागून मीठ धुऊन काढतात. जिथं कण होता तिथं खड्डा उरतो. दुसरी कंपनी फोमचा ठसा उमटवते. त्यामुळे एकाचे खड्डे खोल, दुसऱ्याचे उथळ. 'टेक्स्चर्ड' हा एकच माल नाही, हे आधी डोक्यात ठेवा.

हे खड्डे हवेत कशाला? बाहेरची वस्तू आत गेली की शरीर तिच्याभोवती पापुद्रा विणतं. बाभळीचा काटा पायात राहिला तर त्याभोवती गाठ होते ना, तसंच. इम्प्लांटभोवतीचा हा पापुद्रा कधीकधी आवळत जातो. छाती दगडासारखी लागते, दुखते, आकार बिघडतो. खरखरीत पृष्ठभागावर त्याचे तंतू खड्ड्यांतून वेगवेगळ्या दिशांना वाढतात, मग सगळे मिळून एकदम आवळत नाहीत, असा हिशोब होता. आणि तो खोटा नव्हता. शिवाय थेंबाच्या आकाराचं इम्प्लांट आत फिरलं तर छाती वाकडी दिसणार, म्हणून ते जागी धरून ठेवायलाही खरखरीतच लागायचं. गुळगुळीत इम्प्लांट गोल असतं. फिरलं तरी कोणाला कळत नाही. सर थेंबवालं मागायचे तेव्हा मीच डबा उघडून द्यायची, आणि ते आपल्या हातमोज्यांशिवाय कोणाचा हात त्याला लागू द्यायचे नाहीत.

मग २०११ मध्ये एफडीएनं, म्हणजे औषधं आणि असल्या वस्तूंवर लक्ष ठेवणाऱ्या अमेरिकेच्या सरकारी संस्थेनं, सांगितलं की इम्प्लांटभोवतीच्या पापुद्र्यात एक दुर्मीळ कॅन्सर होऊ शकतो. हा स्तनाचा कॅन्सर नव्हे, लिम्फोमा आहे, म्हणजे शरीराच्या रोगप्रतिकारक पेशींचा कॅन्सर. २०१६ साली जागतिक आरोग्य संघटनेनं त्याला वेगळा आजार म्हणून मान्यता दिली. २४ जुलै २०१९ ला अ‍ॅलर्गन कंपनीनं आपले बायोसेल जातीचे टेक्स्चर्ड इम्प्लांट जगभरातून परत मागवले. तोवर एफडीएकडे ५७३ रुग्णांची आणि ३३ मृत्यूंची नोंद होती. त्या ५७३ पैकी ४८१ जणींना याच कंपनीचे इम्प्लांट होते. लाखो बायांमध्ये हा आकडा लहानच. पण टाकी लावलेल्या पाट्याच्या खड्ड्यात मिरची कशी बसून राहते, कितीही धुवा, हे मला माहीत होतं. खड्ड्यांत जंतूंचा थर बसतो आणि वर्षानुवर्षं सूज धुमसत राहते, हे त्यामागचं एक कारण मानतात.

हा आजार लगेच दिसत नाही. साधारण आठ-दहा वर्षांनी एक बाजू अचानक फुगते, आत पाणी साचतं. माझं खरं म्हणणं इथं आहे. नागपुरातल्या बाईची बाजू फुगली तर ती दुसऱ्या दिवशी सर्जनकडे जाते. आमच्याकडची आधी हळद लावते, मग गोळ्या खाते, वेचणी संपली की बघू म्हणते. आमच्याच दवाखान्यात लग्नाआधी एका बाजूचं ऑपरेशन झालेली एक बाई नऊ वर्षांनी मला फोन करून म्हणाली, "सिस्टर, ब्लाउज होऊन नाही राहिलं." पाच दिवस गोळ्या खाऊन झाल्या होत्या. आत इम्प्लांट आहे हे तिनं गोळ्या देणाऱ्याला सांगितलंच नव्हतं. सासूसमोर कशी सांगणार? कोणतं इम्प्लांट बसवलं ते लिहिलेलं कार्ड मी विचारलं. सातबाऱ्याच्या पिशवीत होतं. त्यावरचा नंबर तिनं अक्षर अक्षर वाचून दाखवला. सेवाग्रामला सोनोग्राफी झाली, सुईनं पाणी काढून तपासायला गेलं. असं पाणी काढलं की सीडी-३० ची, म्हणजे या कॅन्सरच्या पेशींवरची खूण शोधायची, तपासणी करायला सांगायचं, ते मी तिला चिठ्ठीवर लिहून दिलं होतं. काही निघालं नाही. बहुतेक वेळा निघत नाही. पण ते पंधरा दिवस तिनं काढले, मी नाही.

म्हणून मी गुळगुळीत सांगते. त्यात पापुद्रा आवळायची भीती थोडी जास्त, पण इम्प्लांट स्नायूखाली बसवलं तर ती कमी होते. आवळलेला पापुद्रा हाताला लागतो, डोळ्यांना दिसतो. त्याला सीडी-३० लागत नाही. गुळगुळीत म्हणजे बिनघोर, असं मात्र नाही. फाटणं, जंतुसंसर्ग दोन्हीकडे आहे. आणि सर्जन थेंबाच्या आकारावर अडून बसला तर का, ते त्याच्याकडून नीट ऐकून घ्या.

ज्यांच्यात आधीच खरखरीत आहे आणि काही त्रास नाही, त्यांनी घाबरून काढायला धावू नये. एफडीएनंही काढा असं सांगितलेलं नाही. सूज आली तर मात्र दिवस मोजत बसू नका. आजार निघालाच तर इम्प्लांट आणि पापुद्रा दोन्ही पूर्ण काढतात, आणि वेळेत काढलं तर बहुतेकजणी बऱ्या होतात.

गेल्या दिवाळीतल्या पोट्टीनं हे सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी विचारलं, "पण एकदा केलं का जन्मभराचं काम झालं ना?" नाही, म्हटलं. हे जन्मभर टिकत नाही. जितकी वर्षं जास्त, तितकी काढायची किंवा बदलायची पाळी यायची शक्यता जास्त. त्या दुसऱ्या ऑपरेशनचे पैसे आजच बाजूला काढ. ती बोटांवर काहीतरी मोजत राहिली. "म्हणजे माहं पोरगं दहावीत असन तवा," म्हणाली, आणि चिवडा ढवळायला घरी गेली.