पार्टिकमधला शून्य-शून्य

ग्लासगोत चार दिवस होतो. अडीच दिवस पाऊस. एक दिवस लॉक लोमंड. तळं सुरेख आहे, पण गर्दी मे महिन्यातल्या महाबळेश्वरची, त्यामुळे त्यावर लिहायची इच्छा नाही. राहिला अर्धा दिवस, त्याच्यासाठी ही पोस्ट.

भाचा तिकडे शिकतो. फुटबॉलसाठी रात्री-अपरात्री जागणारी जात. मी क्रिकेटवाला, आणि फुटबॉलमध्ये दीड तासात एक गोल होतो यावर माझा कायमचा आक्षेप. तरी तो म्हणाला, "मामा, जगातली पहिली अधिकृत आंतरराष्ट्रीय मॅच झाली ते ग्राउंड इथंच आहे, पार्टिकला. सबवेनं दहा मिनिटं." दहा मिनिटांची पस्तीस झाली, कारण आम्ही उलट्या बाजूच्या गाडीत बसलो. ग्लासगोची सबवे 1896 ची, पंधरा स्टेशनं, एकच गोलाकार मार्ग. चुकीच्या गाडीत बसलात तरी शेवटी पोचताच. डबा मात्र एवढा बुटका की उभं राहिलं की डोकं आपोआप नम्र होतं.

पील स्ट्रीटवर लाल दगडांच्या चाळवजा इमारती, समोर लोखंडी कुंपण. कुंपणाआड पाहिलं तर पांढऱ्या कपड्यांतली माणसं, रोलर आणि झाकलेलं पिच.

"अरे, हे तर क्रिकेट!"

भाच्याचा चेहरा पडला, माझा उजळला. हे वेस्ट ऑफ स्कॉटलंड क्रिकेट क्लबचं मैदान, हॅमिल्टन क्रेसेंट. इथेच 30 नोव्हेंबर 1872 ला, शनिवारी, सेंट अँड्र्यूज डेला (स्कॉटलंडच्या संरक्षक संताचा दिवस) स्कॉटलंड आणि इंग्लंड एकमेकांसमोर उभे राहिले. म्हणजे फुटबॉलचं बाळंतपण क्रिकेटच्या घरी झालं! हे मी त्या दिवसात किमान सहा वेळा बोललो. भाच्यानं मोजलं.

पावसानं खेळ थांबलेला. कुंपणाच्या आत बाकावर एक आजोबा स्कोअरची वही प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून बसले होते. आम्ही भिजत डोकावतोय हे पाहून त्यांनीच हात केला आणि छपराखाली घेतलं. त्यांचं इंग्रजी मला चार आणेच कळत होतं, भाचा इंग्रजीतून इंग्रजीत भाषांतर करत होता. दाट चहा मिळाला, दुधासकट, न मागता. चार दिवसांत ज्या खोलीचे आम्ही पैसे मोजत होतो तिथे हीटर लावून द्यायला तीनदा सांगावं लागलं, आणि इथे परका माणूस आपली बिस्किटं पुढे करतोय. असो.

आजोबांनी हात डोक्यावर आडवा धरून दाखवला. तेव्हा गोलपोस्टला वर दांडी नव्हती, नुसती फीत ताणलेली असायची. स्कॉटलंडच्या रॉबर्ट लेकीचा एक फटका त्या फितीवर जाऊन पडला. तेवढंच काय ते. मॅच सुटली शून्य-शून्य. आधीच्या दिवसांच्या पावसानं मैदान जड झालेलं, साधारण चार हजार माणसं एकेक शिलिंग देऊन उभी, आणि गोल एकही नाही.

"म्हणजे एवढं करून आपण बरोबरीत सुटलेली मॅच बघायला आलो," मी म्हटलं.

भाचा चिडला. पण सांगायला लागला की थांबेना. त्याआधी 1870 ते 1872 मध्ये लंडनच्या ओव्हलवर पाच सामने झाले होते, पण त्यांतले 'स्कॉटिश' खेळाडू बहुतेक लंडनमध्येच राहणारे. स्कॉटलंडवाल्यांना ते पटेना. मग इंग्लंडच यांच्या दारात आलं. स्कॉटलंडची फुटबॉल असोसिएशन तोवर जन्मलीच नव्हती, ती 1873 ची. म्हणून क्वीन्स पार्क या एकाच क्लबनं अकराच्या अकरा खेळाडू दिले, त्यांत स्मिथ भाऊ दोघे. कॅप्टन गार्डनर हाच गोलकीपर. इंग्लंडवाले अंगानं दांडगे, चेंडू घेऊन एकटे सुसाट पळणारे. हे हलके, म्हणून एकमेकांना पास देत खेळणारे.

हे सगळं जुळवून आणणारा माणूस चार्ल्स ऑलकॉक. तो इंग्लंडकडून खेळायचा, पण ऐनवेळी जखमी, त्यामुळे अंपायर म्हणून उभा राहिला. हाच सरे क्रिकेट क्लबचाही सचिव होता आणि 1880 साली इंग्लंडमधली पहिली कसोटी त्यानंच ओव्हलवर भरवली. हे ऐकून मी आजोबांकडे असं बघितलं की जणू ऑलकॉक माझा मावसभाऊ.

आणि त्या मॅचचा फोटो? नाही. फोटोग्राफर आला होता, पण प्रती विकत घेऊ अशी हमी खेळाडू देईनात, म्हणून तो आपलं सामान उचलून गेला. मागे राहिली ती फक्त रेखाचित्रं. मी तोवर ओल्या गवताचे, रोलरचे आणि चहाच्या मगाचे चाळीस फोटो काढले होते. एकाही फोटोत काही दिसत नाही. राखाडी आभाळ आणि माझा अंगठा.

दुसऱ्या सकाळी विमानाआधी भाच्यानं क्रॉसहिलला नेलं. पहिलं हॅम्पडेन पार्क, म्हणजे जुनं फुटबॉल मैदान, होतं तिथे आता हिरवळीवर म्हातारी माणसं बोल्स (गोळे घरंगळवायचा खेळ) खेळतात, आणि भिंतीवर 1882 च्या मॅचचं मोठं चित्र आहे: स्कॉटलंड 5, इंग्लंड 1. त्या संघात अँड्र्यू वॉटसन होता, ब्रिटिश गयानात जन्मलेला कृष्णवर्णीय खेळाडू. आदल्या वर्षी ओव्हलवर तो कॅप्टन होता, तेव्हा स्कॉटलंडनं 6-1 नं जिंकलं होतं. पार्टिकच्या शून्य-शून्यपासून दहा वर्षांत एवढी मजल. भाचा भिंतीसमोरून हलेना. मी बॅग धरून उभा होतो, टॅक्सीचं मीटर पडत होतं.

बहिणीचा मेसेज आला, "बघितली का रे मॅच? कोण जिंकलं?"

मी लिहिलं, "पाऊस." पार्टिकमधला तो खेळ पुन्हा सुरूच झाला नव्हता, आजोबांनी पाच वाजता वही मिटली होती. भाच्याचे बूट अजून वाळलेले नव्हते.