खरवडून टाकलेला पापुद्रा

गुडघ्याचं लिगामेंट, म्हणजे दोन हाडांना जोडणारा पट्टा, लॅबमध्ये आलं की पहिलं काम ठरलेलं. स्काल्पेलनं वरचा ओलसर, पिवळट पापुद्रा खरवडायचा आणि खालचा पांढरा, चकचकीत पट्टा तेवढा ठेवायचा. मला हे आधीच्या टेक्निशियननं शिकवलं, त्यांना त्यांच्या आधीच्यांनी. वडोदऱ्यातल्या एका मेडिकल कॉलेजच्या हिस्टॉलॉजी, म्हणजे ऊतींच्या अभ्यासाच्या, लॅबमध्ये २३ वर्षं मी हेच करत आलो. गेल्या पावसाळ्यातल्या एका मंगळवारपासून मात्र स्काल्पेल उचलताना हात थांबतो.

खरवडण्यामागे कारण होतं, ते आधी सांगतो. लिगामेंट म्हणजे दोरखंड. अल्कोहोल, झायलीन आणि गरम मेण यांतून गेलं की ते आणखी कडक होतं. वरचा पापुद्रा चरबीचा आणि सैल तंतूंचा, मऊ. एकाच ब्लॉकमध्ये, म्हणजे मेणाच्या ठोकळ्यात, दोन्ही असले की मायक्रोटोमची, म्हणजे पातळ काप काढणाऱ्या यंत्राची, सुरी एकीकडे अडते, दुसरीकडे घसरते, आणि ५ मायक्रॉनच्या, म्हणजे मिलिमीटरच्या दोनशेव्या भागाएवढ्या पातळ, कापांची रिबन नेमकी त्या जोडावर फाटते. वॉटर बाथमध्ये सोडली की मऊ भाग पसरतो, कडक भाग आखडतो, मधे भेग पडते. अशी स्लाइड प्रॅक्टिकलला ठेवली तर बाहेरचे परीक्षक नाक मुरडतात. सगळ्यांना स्वच्छ सेक्शन, म्हणजे काप, हवं असतं, आणि स्वच्छ म्हणजे पुस्तकातल्या चित्रासारखं.

त्या मंगळवारी आमची दुसऱ्या वर्षाची रेसिडेंट बाटली घेऊन आली. दांडिया बाजारात वाढलेली मराठी मुलगी. माझ्याशी मराठी, प्यूनशी गुजराती, सरांशी इंग्रजी.

"काका, याला हात लावू नका हं. जसं आहे तसंच बसवा."

"अगं, फाटेल."

"फाटू दे. दहा फाटले तर अकरावं येईल."

नमुना देहदानातला होता. एम्बामिंगच्या, म्हणजे देह टिकवण्यासाठी रसायन भरण्याच्या, आधी, रीतसर परवानगी घेऊन काढलेला. गुडघ्याच्या आतल्या अंगाचं लिगामेंट, म्हणजे एमसीएल. अशा नमुन्याचं नाव आम्हाला कळत नाही, कळूही नये. चिठ्ठीवर फक्त नंबर, पुरुष, वय ७१.

त्या ब्लॉकवर मी दोन दिवस घातले. अल्कोहोलच्या प्रत्येक पायरीला वेळ वाढवला. मेण दोनदा बदललं. हल्ली येणारं मेण लवकर चुरतं, खरेदीवाल्यांना किंमत दिसते, रिबन दिसत नाही. ब्लॉक बर्फावर ठेवून त्याच्या तोंडावर अमोनियाच्या पाण्यात भिजवलेला कापूस धरला, म्हणजे कडक तंतू थोडे नरमतात. ब्लेड नवं घेतलं. मग ब्लॉक थोडा फिरवून बसवला, सुरी आधी एका भागात न शिरता दोन्ही भागांना एकदम, तिरकी भिडेल असा. स्लाइडवर अंड्यातलं पांढरं आणि ग्लिसरीन बोटानं अगदी पुसट लावलं. चाक इतकं हळू फिरवलं की खांदा दुखायला लागला. चौदा फाटले. पंधरावं आलं ते पाण्यावर सपाट, अखंड पसरलं. इतकी वर्षं याच हातांनी जे जमणार नाही म्हणत होतो, ते जमलं.

मॅसन ट्रायक्रोम केलं, म्हणजे तंतू निळे दाखवणारा रंग दिला, आणि दोन डोक्यांच्या मायक्रोस्कोपवर आम्ही समोरासमोर बसलो.

खाली माझ्या ओळखीचं सगळं. कोलॅजन या प्रथिनाचे निळे तंतू एका दिशेनं, विंचरल्यासारखे, त्यांत बारीक लाट, आणि अधूनमधून पेशींची चपटी केंद्रकं रांगेत. वर मात्र वस्ती होती. तंतू चहूकडे जाणारे. पेशी काही लांबट, काही टपोऱ्या. चरबीची रिकामी गोल घरं, कारण चरबी झायलीननं नेलेली. लाल रक्तपेशींनी भरलेल्या लहान धमन्या, नीला, आणि एका कोपऱ्यात नसेची जुडी. हा थर वरच थांबत नव्हता. त्याचे पातळ पडदे रक्तवाहिन्या घेऊन लिगामेंटच्या आत शिरले होते.

"याला एपिलिगामेंट म्हणतात, काका. एमसीएल फाटलं की इथल्या पेशी वाढतात, जखमेत उतरतात आणि नवं कोलॅजन बनवतात. रक्तवाहिन्याही इथूनच जातात."

एसीएलचं, म्हणजे गुडघ्याच्या मधोमध असलेल्या लिगामेंटचं, मी विचारलं, कारण आमच्या गल्लीतल्या खो-खो खेळणाऱ्या मुलीचं नुकतंच ऑपरेशन झालं होतं. तिनं सांगितलं, एसीएल सांध्याच्या पोटात असतं, सायनोव्हियमच्या, म्हणजे सांध्याच्या आतल्या अस्तराच्या, पातळ घडीत गुंडाळलेलं. ते तुटतं तेव्हा घडीही फाटते, सांध्यातल्या द्रवात रक्ताची गुठळी टिकत नाही आणि दोन टोकांमध्ये पूल बनतच नाही. म्हणून दुसरीकडचा टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारा दोर, काढून लावावा लागतो. एमसीएल पुष्कळदा ऑपरेशनशिवाय, पट्टा आणि व्यायाम यांवर भरून येतं.

बोलता बोलता तिनं स्टेज सरकवलं आणि थांबली. मीही पाहिलं. एका जागी विंचरलेले तंतू विस्कटले होते. पेशी दाट, रक्तवाहिन्या जास्त, आणि वरचा पापुद्रा तिथे जाड होऊन खालच्या भागाशी एकजीव झालेला. पोलरायझर, म्हणजे प्रकाश एकाच दिशेनं कंपू देणारी काच, घातला तेव्हा बाकी लिगामेंटमध्ये उजेड-अंधाराचे पट्टे एकामागून एक आले. त्या जागी ते तुटक, मंद होते.

"जुनी जखम," ती म्हणाली. "भरलेली."

आम्ही दोघं बराच वेळ बोललो नाही. या माणसाचा गुडघा कधीतरी मुरगळला होता. आखाड्यात, मैदानावर, की रावपुऱ्यात पावसात स्कूटर घसरून, कोण जाणे. काही आठवडे लंगडले असतील, मग विसरले असतील. घरच्यांनाही आठवत नसेल. ७१ व्या वर्षी त्यांनी देह दिला आणि ती गोष्ट आमच्यासमोर निळ्या रंगात आली. मी नेहमीसारखं खरवडलं असतं तर पापुद्र्याबरोबर त्या जखमेचा वरचा अर्धा भाग कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत गेला असता, आणि उरलेला मी "सेक्शन नीट नाही" म्हणून बाजूला टाकला असता.

हे मला सोडत नाही. २३ वर्षांत असे किती गेले?

त्या आठवड्यात मी रोज संध्याकाळी थांबून जुने डबे काढले. लिगामेंटच्या ६२ स्लाइड पाहिल्या. सगळ्यांच्या कडा साफ, माझ्याच हातच्या. मग खालच्या कपाटातला बाद स्लाइडचा डबा आठवला. त्यात सहा होत्या. फाटलेल्या, दुमडलेल्या, कुठे घाईत पापुद्रा खरवडायचा राहिलेला. त्यातल्या एकीवर भेगेच्या पलीकडे, काचेच्या अगदी कडेला, एक धमनी आणि तिच्याभोवती त्या टपोऱ्या पेशी होत्या. चिठ्ठीवर २००९ आणि माझ्याच अक्षरात "बाद".

सहाही स्लाइड पुसून त्या रेसिडेंटच्या टेबलावर नेऊन ठेवल्या.