तीर्थनच्या काठाने, लारजीपासून वर

तीर्थन नदीवर पहिल्यांदा गळ टाकला त्या वर्षी मी लारजीजवळ, नागिनीखालच्या वळणावर आणि गुशैणीच्या वरच्या अंगाला, अशा तिन्ही ठिकाणी एकच लहान स्पिनर (पाण्यात गरगरणारे चकचकीत धातूचे आमिष) एकाच वेगाने ओढत राहिलो. तीन दिवसांत एक ट्राउट लागला, आणि तो का लागला हे मला सांगता आले नसते. नदी एकच असली तरी ट्राउटच्या दृष्टीने ती दर थोड्या अंतरावर बदलते, हे उमगायला पुढचे चार मोसम जावे लागले. त्या चार मोसमांत जे पाहिले ते येथे टप्प्याटप्प्याने मांडत आहे.

ग्रेट हिमालयन राष्ट्रीय उद्यानाच्या अंतर्भागात, हिमरेषेजवळ उगम पावणारी तीर्थन कुल्लू जिल्ह्यात लारजीला बियासमध्ये मिसळते. सैंज नदीही तेथेच बियासला मिळते आणि संगमाच्या लगेच खाली लारजी प्रकल्पाचे धरण आहे. हा सर्वांत खालचा टप्पा मी आता जवळजवळ सोडून दिला आहे. दरी अरुंद आहे, रस्ता पाण्यापासून उंचावर आहे, उतरायला जागा मोजक्याच आहेत, आणि उन्हाळ्यात पाणी वरच्या भागापेक्षा लवकर कोमट होते. साधारण 10 ते 16 अंश सेल्सिअस तापमानात ट्राउट मोकळेपणी खातो. पाणी 20 अंशांच्या वर गेले की त्याला प्राणवायू अपुरा पडू लागतो आणि अशा वेळी त्याला गळाला लावून दमवणे मला बरे वाटत नाही.

माझे मन रमते ते बंजार ते गुशैणी या सुमारे 10 किलोमीटरच्या पट्ट्यात. येथे नदीला एक लय आहे: आधी गुडघाभर पाण्याचा खळाळ, मग कमरेइतक्या खोलीची सलग धार, मग डोह, आणि डोहाच्या शेवटी पाणी पुन्हा उथळ होऊन पुढच्या खळाळात उतरते. नवखा माणूस सरळ डोहाकडे जातो, कारण मोठा मासा खोल पाण्यात असणार असे त्याला वाटते. मीही तसाच जात असे. परंतु ट्राउटला दिवसभर जो हिशेब सांभाळावा लागतो तो खर्चाचा आणि मिळकतीचा आहे. जोरदार धारेत अन्न भरपूर वाहून येते, पण तेथे टिकून राहायला ताकद खर्च होते. संथ पाण्यात विश्रांती मिळते, पण अन्न कमी येते. म्हणून तो दोहोंच्या सीमेवर राहतो: स्वतः संथ पाण्यात आणि डोळा धारेवर. खळाळ डोहात शिरतो तेथे धारेच्या दोन्ही कडांना फेसाची जी रेघ उमटते, ती रेघ म्हणजेच ही सीमा. आता मी डोहाच्या मध्यभागी क्वचितच गळ टाकतो. त्या फेसाच्या रेघेवरूनच फ्लाय, म्हणजे पिसे आणि धागे बांधून कीटकासारखा केलेला गळ, वाहू देतो.

एप्रिलमधली एक सकाळ मला तपशिलासकट आठवते. पाण्याचे तापमान 9 अंश होते आणि दोन तास काहीही हालचाल नव्हती. मी उथळ पाण्यातला एक गोटा उलटून पाहिला. त्याच्या खालच्या बाजूला बारीक खड्यांची नळकांडी चिकटलेली होती. कॅडिस या कीटकाच्या अळ्या रेशमासारख्या धाग्याने वाळूचे खडे जोडून स्वतःसाठी अशी घरे बांधतात. शेजारी तीन शेपट्यांची, चपटी मेफ्लायची पिल्ले गोट्यावरून सरकत होती. पृष्ठभागावर एकही माशी उडत नव्हती, म्हणजे ट्राउट जे काही खात होता ते तळाशी होते. मी कोरडी, म्हणजे पाण्यावर तरंगणारी, फ्लाय काढून जड मण्याचे निंफ, म्हणजे किड्याच्या पिल्लासारखी दिसणारी, तळाशी बुडणारी फ्लाय, बांधले आणि ते तळाला घासत जाईल अशा बेताने वाहू दिले. अकराच्या सुमारास, पाणी 11 अंशांवर आल्यावर, धागा वाहता वाहता अचानक थबकला. झटका बसला नाही, ओढ जाणवली नाही. धागा फक्त थांबला. तळाच्या पाण्यातला ट्राउट असाच घेतो, आणि तो थबका न ओळखल्यामुळे मी आधी कितीतरी मासे घालवले असतील.

गुशैणीला फलाचन येऊन मिळते. त्या संगमाच्या वर नदीचे रूप पालटते: उतार वाढतो, शिळा घराएवढ्या होतात, सलग धार अशी उरतच नाही. प्रत्येक शिळेमागे पाण्याचा एक शांत खिसा असतो, कधी परातीएवढा, कधी खोलीएवढा, आणि त्यात बहुधा एकच मासा. येथे लांब फेक निरुपयोगी आहे, कारण मधल्या चार वेगवेगळ्या धारा दोरीला चार दिशांनी ओढतात आणि फ्लाय लगेच अस्वाभाविकपणे घसटत जाते. म्हणून जवळ जावे लागते, आणि जवळ जायचे तर दिसता कामा नये. ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून उभा असतो, म्हणून मी खालून वर चढतो. पाण्यातून वरचे जग त्याला सुमारे 97 अंशांच्या एका गोल खिडकीतून दिसते. तिच्या कडेला क्षितिजाजवळच्या वस्तू दबून बारीक होतात. याचा अर्थ असा की वाकलेला, शिळेआडचा माणूस त्याच्या नजरेतून बराचसा निसटतो आणि ताठ उभा राहिलेला माणूस लगेच उठून दिसतो. या टप्प्यात माझे अर्धे काम गुडघ्यांवर चालते. मासे लहान असतात, बहुतेक ओंजळीत मावतील असे, पण ब्राऊन ट्राउटच्या अंगावरचे लाल ठिपके आणि त्यांभोवतीची फिकट वलये येथल्या निवळ पाण्यात जितकी स्पष्ट दिसतात तितकी खाली कोठेच दिसत नाहीत.

हा मासा मूळचा येथला नाही, हे ध्यानात ठेवूनच मी त्याच्यावर प्रेम करतो. ब्राऊन ट्राउट युरोपातला; काश्मीरमध्ये तो 1900च्या सुमारास आणि कुल्लू खोऱ्यात 1909मध्ये आणला गेला. नावात ट्राउट असूनही कार्प कुळातला असलेला स्नो ट्राउट हा या थंड नद्यांचा खरा रहिवासी आहे. जगातल्या सर्वांत घातक शंभर परकीय जातींच्या यादीत ब्राऊन आणि रेनबो हे दोन्ही ट्राउट आहेत. त्यामुळे गळाला चुकून स्नो ट्राउट आला तर मी त्याला पाण्याबाहेरही काढत नाही, आणि उद्यानाच्या हद्दीपाशी दोरी गुंडाळतो. तीर्थन अजून अखंड वाहते आहे, यामागे दिलाराम शबाब यांच्यासारख्या स्थानिकांनी जलविद्युत प्रकल्पांविरुद्ध न्यायालयापर्यंत नेलेला लढा आहे. ज्या फेसाच्या रेघा मी वाचतो त्या वाहत्या पाण्यावरच उमटतात, म्हणून या लढ्याबद्दल मला मनापासून कृतज्ञता वाटते.

वेळेबद्दल थोडे. मे-जूनमध्ये उंचावरचे बर्फ वितळून दुपारनंतर पाणी चढते, तेव्हा सकाळ साधावी. पावसाळ्यात नदीत उतरूच नये. जुलै 2023च्या पुरानंतर मी गेलो तेव्हा माझे दोन आवडते डोह गोट्यांनी भरून गेले होते आणि पलीकडच्या काठाला नवी धार पडली होती. जे पाठ झाले होते ते पुसून पुन्हा पहिल्यापासून वाचावे लागले. सप्टेंबरच्या अखेरीपासून ऑक्टोबरपर्यंतचे पाणी सर्वांत निवळ असते. मत्स्य विभागाचा परवाना लागतोच, आणि 1 नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत मासेमारी बंद असते, कारण त्या काळात ब्राऊन ट्राउट अंडी घालतो.

गेल्या मोसमाच्या शेवटच्या आठवड्यात नागिनीच्या वर, एका डोहाच्या शेपटाशी, सुपारीएवढ्या खड्यांच्या उथळ तळावर मला दोन मासे दिसले. त्यांतली मादी कुशीवर वळून शेपटीने खडे उडवत होती. गढूळ पाण्याची बारीक झालर खाली वाहत होती, आणि शेवाळलेल्या तळात ताटाएवढी स्वच्छ, फिकट जागा तयार झाली होती. मोसमाचे पाच दिवस बाकी होते. मी फ्लाय कापून डबीत ठेवली, बूट त्या खड्यांवर पडू नयेत म्हणून पाण्यातून बाहेर आलो आणि उरलेली वाट काठावरच्या पायवाटेने चाललो.