ह्युमन डिझाइनमधलं प्रोजेक्टर मूल आणि संध्याकाळचे क्लास

माझा मुलगा 9 वर्षांचा आहे, चौथीत आहे, आणि त्याला समोरच्या माणसाचं मन कळतं. हे मी आई म्हणून कौतुकाने म्हणत नाहीये, घरातले सगळेच म्हणतात. मध्ये एकदा माझ्या सासूबाईंना त्यांच्या बहिणीचा फोन येऊन गेला, त्या परत येऊन आपल्या शेंगा सोलत बसल्या, टीव्ही चालू, आमच्यापैकी कुणालाच काही जाणवलं नाही, आणि हा म्हणाला, "आजी, मगाचपासून तू दाणे पण टरफलांतच टाकतीयेस." मग कळलं की मावशींचं ऑपरेशन ठरलं होतं आणि त्यांनी ते कुणाला सांगू नको म्हणून सांगितलं होतं.

आणि हाच मुलगा शाळेतून आला की दप्तर दारातच टाकतो, बूट निम्मे काढलेले, आणि हॉलमधल्या फरशीवर जो आडवा होतो तो तासभर हलत नाही. कोथरूडमधली आमची सोसायटी म्हणजे संध्याकाळी पाच वाजले की नुसती धावपळ असते, कोणाचं मूल अबॅकसला, कोणाचं स्केटिंगला, तिथून तसंच तबल्याला, आणि पार्किंगमध्ये भेटलेली प्रत्येक बाई विचारणार, "अगं याला कुठेच नाही घातलंस?" आळशी, मलूल, एकलकोंडा, हे सगळे शब्द त्याने ऐकलेत, त्याच्यासमोरच बोलतात लोक.

आधी एक गोष्ट स्पष्ट लिहिते कारण ती महत्त्वाची आहे. मूल सतत दमत असेल तर सगळ्यात पहिल्यांदा डॉक्टरांकडे जायचं. आम्ही हिमोग्लोबिन, बी 12, डी व्हिटॅमिन, थायरॉइड सगळं तपासून घेतलं, डोळेही तपासले, सगळं ठीक आलं. त्याच्यानंतरच मी बाकीचं काही वाचायला लागले आणि तुम्हीही तोच क्रम ठेवा, प्लीज.

तर माझ्या योगाच्या क्लासमधल्या एका मैत्रिणीने मला ह्युमन डिझाइन सांगितलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, हे रा उरू हू नावाच्या माणसाने मांडलं, मूळचा कॅनडाचा, खरं नाव अ‍ॅलन क्राकोअर, 1987 च्या जानेवारीत स्पेनमधल्या इबिझा बेटावर असताना आपल्याला एका आवाजाने हे सगळं सांगितलं असं त्याचं म्हणणं. 2011 मध्ये तो गेला. यात ज्योतिष आहे, आय चिंग या जुन्या चिनी ग्रंथाची 64 चिन्हं आहेत, ज्यूंची कबाला ही गूढविद्या आहे, आणि आपली चक्रं पण आहेत, फक्त 7 ऐवजी 9 केंद्रं मानतात. जन्मतारीख, वेळ आणि गाव दिलं की चार्ट निघतो. आणि नुसती जन्मवेळ नाही, सूर्य जन्मवेळच्या जागेच्या 88 अंश मागे होता तेव्हाची, म्हणजे जन्माच्या साधारण तीनेक महिने आधीची ग्रहस्थिती पण त्यात धरतात. सासूबाईंना हे समजवायला मला दोन मिनिटंही लागली नाहीत. पत्रिका, नाडी, गण बघत आयुष्य गेलेल्या बाईला यात नवल काय वाटणार, त्यांनी जन्मवेळेची चिठ्ठी देवघराच्या खणातून काढून दिली, सेकंदांसकट!

चार्टमध्ये सेक्रल नावाचं एक केंद्र असतं, दिवसभर पुरणारी काम करायची ताकद तिथून येते असं मानतात. बहुतेक लोकांचं ते रंगवलेलं असतं, ते जनरेटर. माझ्या मुलाचं कोरं निघालं. कोरं असलेल्यांचेही प्रकार असतात, त्यातला तो प्रोजेक्टर. यांच्या हिशोबाने जगात साधारण 20 टक्के लोक असे, ज्यांचं काम स्वतः राबण्यापेक्षा दुसऱ्याला नीट बघणं आणि वाट दाखवणं. मला वाचताना अक्षरशः भरून आलं, कारण इतकी वर्षं आम्हाला या मुलाचं जे कोडं वाटत होतं ते कोणीतरी दोन ओळींत लिहून ठेवलं होतं, दिसतं खूप आणि टिकत नाही फार, आणि ही दोन्ही एकाच मुलाची लक्षणं आहेत, एक गुण आणि एक दोष असं नाही.

यातली एक गोष्ट तर मी रोज बघते. कोरं केंद्र आजूबाजूच्यांची एनर्जी ओढून घेतं आणि ती वाढवून बाहेर टाकतं, असं म्हणतात. सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये कोणाचा वाढदिवस असला की सगळ्यात जास्त उड्या कोण मारतो, तर हाच. बाकीच्या आया म्हणतात, बघ, तू उगीच म्हणतेस दमतो. आणि घरी आल्यावर बुटाच्या लेसची गाठ सुटत नाही म्हणून ओक्साबोक्शी रडतो, जेवत नाही, दुसऱ्या दिवशी शाळेत डोकं बाकावर. ती ताकद त्याची नव्हतीच, दहा पोरांची उसनी होती. आता आम्ही केक कापून झाला की थोडा वेळ थांबतो आणि निघतो, तो रंगात असतानाच निघतो, लोक काय म्हणायचं ते म्हणोत.

झोपेचं पण तेच. प्रोजेक्टरने दमून पडायच्या आधी आडवं व्हायचं असतं. त्यामुळे साडेआठला तो गादीवर जातो, झोप आली नसली तरी जातो, पुस्तक चाळतो, छताकडे बघत पडतो, बडबडतो स्वतःशी. या एका बदलाने सकाळची रडारड जवळजवळ संपली. अशा मुलाने एकटं झोपावं, दुसऱ्याच्या ऑरामध्ये, म्हणजे त्याच्याभोवतीच्या एनर्जीच्या वलयात नको, असंही सांगतात, ते मात्र मी घेतलं नाही. तो आजीशेजारी झोपतो, आजी हरिपाठ पुटपुटत असते आणि त्याला ते हवं असतं, दोन खोल्यांच्या घरात आजीपासून मूल तोडून कसली आलीये शांती.

सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे बोलावणं. प्रोजेक्टरने आमंत्रणाची वाट बघायची, कोणी विचारलं की त्याचं म्हणणं सोनं होतं, न विचारता सांगितलं की समोरचा दुखावतो. आमच्याकडे हे फार व्हायचं. पाहुण्यांना हा तोंडावर सांगायचा, "काका, तुम्हाला शिरा आवडलेला नाहीये, तुम्ही उगीच हो म्हणताय." खरं असायचं ते. पण आगाऊ म्हणून ओरडा बसायचा आणि मग हा दिवसभर गप्प. प्रोजेक्टरला कोणी ओळखलं नाही की तो कडवट होतो म्हणतात, तर 9 वर्षांच्या मुलातला कडवटपणा असा दिसतो, कोपऱ्यात बसून बोटाने गालिच्याचे धागे उपसायचे आणि काय झालं विचारलं की "काही नाही, मला कोण विचारतंय" म्हणायचं. हे वाक्य लहान मुलाच्या तोंडून ऐकवत नाही.

मग त्याला एक छोटी सवय लावली, आधी विचारायचं, "सांगू का?" समोरचा हो म्हणाला तर सांगायचं, नाही म्हणाला तर आईच्या कानात. आणि आमच्या बाजूने आम्ही त्याला मुद्दाम विचारायला लागलो, अगदी खरंखुरं, उगीच लाडाने नाही. बाबांना इंटरव्ह्यूला कुठला शर्ट, भाड्याचं घर बघायला गेलो तर कसं वाटलं, भाजीत काय कमी आहे. "दादा, तू बघून सांग" म्हटलं की त्याचा चेहरा असा काही खुलतो, पाठ सरळ होते, आणि थकलेला मुलगा उठून उभा राहतो.

दमतो म्हणून घरात बसवून ठेवायचं असाही अर्थ नाही हं. रविवारी सकाळी आम्ही वेताळ टेकडीवर जातो, त्याच्या चालीने. खाणीच्या तळ्याशी तो बसतो आणि येणारी-जाणारी माणसं, कुत्री, मोर बघत राहतो, आणि आम्ही घाई करत नाही.

या सगळ्याला शास्त्रीय पुरावा नाही हे मला माहितीये. न्यूट्रिनो नावाचे सूक्ष्म कण ग्रहांची माहिती आपल्यात उमटवतात वगैरे जे सांगतात त्यात मी पडत नाही. आणि प्रोजेक्टर हा शब्द आम्ही त्याच्यासमोर वापरत नाही, ठरवूनच, कारण उद्या गणित अवघड गेलं की "मी तसाच आहे" हे कारण त्याच्या हातात मला द्यायचं नाहीये. हा चार्ट माझ्यासाठी आहे, त्याच्याकडे कसं बघायचं हे मला कळावं म्हणून.

आता खरी काळजी पुढच्या वर्षाची आहे. 2024 मध्ये सरकारने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी 9 नंतर भरवायला सांगितलं तेव्हा आमच्या घरात पेढे आणले होते, खरंच आणले होते, कारण त्या दोन तासांच्या झोपेने मुलगा बदलला. पण पाचवीला त्याच शाळेत सकाळी 7 ची बेल आहे, म्हणजे सव्वासहाला व्हॅन. साडेआठचं आडवं होणं साडेसातवर आणावं लागेल आणि जेवण सातच्या आत, त्यासाठी नवऱ्याच्या ऑफिसची वेळ आणि आजीची सिरियल दोन्ही हलणार. संध्याकाळचा क्लास एकच ठेवलाय, बुद्धिबळाचा, तोही शनिवारचा, कारण तिथल्या सरांनी त्याला लहान मुलांचे डाव बघून कुठे चुकतंय ते सांगायला बसवलंय आणि तो शुक्रवारपासून त्याची वाट बघत असतो. बाकी अबॅकसवाल्या मॅडमचा परत फोन आला होता, त्यांना मी नाही म्हणून कळवलंय.