सात दिवसांचा झोन दाखला आणि रिकामी खुर्ची : माझा अनुभव

झोन दाखला म्हणजे एका पानाचा कागद. आपला गट नंबर किंवा सिटी सर्व्हे नंबर गावाच्या विकास योजनेत कशात येतो, रहिवास विभागात, शेती विभागात की एखाद्या आरक्षणात (म्हणजे सार्वजनिक कामासाठी राखलेल्या जागेत), एवढंच त्यावर लिहून मिळतं. २०१५ च्या लोकसेवा हक्क अधिनियमाखाली नगरपरिषदेच्या सेवांची जी यादी निघाली, तिच्यात या दाखल्याला ७ दिवस आणि भाग नकाशाला, म्हणजे विकास योजनेच्या नकाशातल्या आपल्या जागेपुरत्या तुकड्याला, ३ दिवस दिले आहेत. मी अर्ज केला तेव्हा २०२४ च्या दिवाळीचे आकाशकंदील अजून उतरले नव्हते. दाखला हातात पडला तेव्हा चौकात होळीची लाकडं रचत होते. मला जे हळूहळू कळत गेलं ते कुणी आधी सांगितलं असतं तर अख्खा हिवाळा वाचला असता, म्हणून लिहितेय.

आमची नगरपरिषद ‘क’ वर्गाची, म्हणजे २५ ते ४० हजार लोकसंख्येच्या गटातली. राज्यातल्या कितीतरी नगरपरिषदांसारखी आमचीही मुदत संपून गेली होती आणि मुख्याधिकारीच प्रशासक होते. (निवडणुका झाल्या त्या थेट डिसेंबर २०२५ मध्ये.) वॉर्डाला नगरसेवक नाही, त्यामुळे ‘जरा बघता का’ म्हणून फोन करायला माणूसच नाही. जे काय ते कार्यालयात जाऊन.

अर्जाचं काम सोपं झालं. मालमत्ता पत्रक, मोजणी नकाशा, घरपट्टी भरल्याची पावती, बँकेचं पत्र, फी. नागरी सुविधा केंद्रातल्या मुलाने सगळं अपलोड केलं आणि पावती दिली. त्याबद्दल तक्रार नाही.

पुढे नगररचना विभाग. तिथले सहायक नगररचनाकार बदलून गेले होते. दारावर त्यांच्या नावाची पाटी तशीच, आणि पाटीखाली सेलोटेपने चिकटवलेला कागद: ‘साहेब मंगळवार व शुक्रवार’. म्हणजे शेजारच्या नगरपरिषदेच्या अधिकाऱ्यांकडे अतिरिक्त कार्यभार होता, ते आठवड्यातून दोनदा येणार. मंगळवारी गेले तर ते जिल्ह्याच्या बैठकीला. शुक्रवारी गेले तर विधानसभेच्या निवडणुकीची ड्युटी. २० नोव्हेंबरला मतदान होतं, तोवर निम्मं कार्यालय त्यातच होतं. ते मी समजू शकते. मतदान झालं, निकाल लागला, सरकार आलं, माझा अर्ज होता तिथेच.

टेबलावर एकच मुलगी बसायची, कंत्राटी. रोज येणाऱ्यांची बोलणी तीच खायची. तिच्यावर आवाज चढवून काही होत नाही हे आधीच सांगून ठेवते, कारण तिच्या हातात काहीही नसतं. उलट तिनेच मला खरं कारण दाखवलं. एकदा गर्दी कमी होती, तर तिने स्क्रीन माझ्याकडे वळवली. ‘ताई, हे बघा. तुमची फाईल इथे थांबलीय.’ माझ्या अर्ज क्रमांकासमोर प्रलंबित असं लिहिलेलं आणि त्याच्यापुढे नाव, बदलून गेलेल्या साहेबांचं. दाखल्यावर डिजिटल सही लागते. जुन्या साहेबांचं लॉगिन बंद झालेलं, नव्या साहेबांची डिजिटल सही आमच्या नगरपरिषदेच्या लॉगिनला जोडलेलीच नव्हती. त्यामुळे ते मंगळवारी आले काय आणि रोज आले काय, ते सही करूच शकत नव्हते. कागदावर बाकी सगळं तयार होतं, शेरा सुद्धा लिहून झाला होता. त्यांच्या खुर्चीमागच्या कपाटावर लाल नाडीने बांधलेले गठ्ठे होते. माझ्यासारखे किती त्यात अडकले असतील याचा अंदाज तिथे उभं राहूनच येत होता.

मग सही जोडायचं काय अडलंय? त्याला मुख्याधिकाऱ्यांचं पत्र लागतं. पत्र झालंय का? झालंय. मग गेलं का? याचं उत्तर कुणी देईना. आस्थापना, म्हणजे कर्मचाऱ्यांचे कागद सांभाळणारा विभाग, म्हणे संगणक विभागाला विचारा, संगणक विभाग म्हणे पत्रच आलं नाही. याच सुमारास माझ्या अर्जाची स्थिती अचानक बदलली: ‘त्रुटी – मोजणी नकाशा अस्पष्ट’. नकाशा स्वच्छ होता, भूमी अभिलेखचा शिक्का वाचता येत होता. मला ते फार लागलं. अर्ज त्रुटीत टाकला की मुदतीचं घड्याळ थांबतं आणि कार्यालयाच्या नावावरचा उशीर अर्जदाराच्या नावावर जातो. मी लेखी विचारलं की नेमका कुठला भाग वाचता येत नाही ते कळवावं. उत्तर आलं नाही, पण त्रुटी काढली गेली. तुमच्याबाबत असं झालं तर तोंडी वाद घालू नका, लेखी विचारा आणि पोच घ्या.

शेवटी पहिलं अपील केलं. मुदत संपल्यापासून ३० दिवसांत करायचं असतं, तेवढं लक्षात ठेवा. अपील कुणाकडे हे कार्यालयातल्या फलकावर असायलाच हवं. सेवा, मुदत, पदनिर्देशित अधिकारी (म्हणजे ती सेवा द्यायची जबाबदारी ज्यांची ते), पहिलं आणि दुसरं अपील, सगळं. आमच्याकडे तो फलक जिन्याखाली, मीटरच्या पेटीआड. अपिलाबरोबरच माहितीच्या अधिकारात वेगळा अर्ज टाकला, दहा रुपयांचं कोर्ट फी स्टँप लावून. एकच मागणी: नगररचना विभागाच्या अतिरिक्त कार्यभाराच्या आदेशाची प्रत आणि त्यावर झालेल्या कार्यवाहीच्या पत्रांच्या प्रती. आपल्या राज्यात अर्ज दीडशे शब्दांत आणि एकाच विषयाचा लागतो, तेव्हा तिथे मनातला राग लिहायला जागा नाही आणि नसलेलीच बरी.

सुनावणीला मुख्याधिकाऱ्यांनी आस्थापनेची फाईल मागवली. ती उघडल्यावर मला माझ्या डोळ्यांनी दिसलं: लॉगिनचं पत्र टाईप केलेलं, खाली सही झालेली, तारीख नोव्हेंबरातली, आणि जावक क्रमांकाची जागा कोरी. पत्र कधी बाहेर पडलंच नव्हतं. आवक-जावक पाहणारे लिपिक निवडणुकीच्या कामाला गेले, परत आले ते दुसऱ्या टेबलावर, आणि जावक रजिस्टर कुणाकडेच सोपवलेलं नव्हतं. मुख्याधिकाऱ्यांनी तिथल्या तिथे नंबर टाकायला लावला. पुढच्या शुक्रवारी दाखला निघाला, भाग नकाशाही त्याच सहीने.

या कायद्यात विनाकारण उशीर करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड आहे. मी दंडाचा आग्रह धरला नाही. दंड कुणाला करणार? दोन गावं सांभाळणाऱ्या माणसाला? माझं म्हणणं वेगळं आहे आणि ते मी सुनावणीत लेखी दिलं. प्रशासक दर महिन्याला कामांचं निवेदन काढायचे: रस्त्याचं काँक्रिट, नवी घंटागाडी, बागेतले दिवे. घंटागाडी खरंच वेळेवर यायची, ठेकेदाराची होती. पण मंजूर आकृतीबंधात, म्हणजे पदांच्या ठरलेल्या आराखड्यात, पदं किती, भरलेली किती, रिकाम्या पदाचा कार्यभार कुणाकडे, ते कुठल्या वारी बसतात, याची एक ओळ त्यात नसायची. आणि नागरिकाला हेलपाटे पडतात ते नेमके याच ओळीपायी. पदं भरणं सगळं मुख्याधिकाऱ्यांच्या हातात नाही हे मलाही मान्य आहे. नगरपरिषदांच्या राज्य संवर्गाची भरती नगरपरिषद प्रशासन संचालनालय करतं, जुलै २०२३ मध्ये १,७८२ जागांची जाहिरात निघाली होती. जागा रिकाम्या आहेत हे काही गुपित नाही. मग ते गावाला सांगायला काय हरकत? अधिकारी-कर्मचाऱ्यांची निर्देशिका स्वतःहून प्रसिद्ध करणं माहिती अधिकाराच्या कलम ४ मध्येच आहे.

पुढच्या महिन्याच्या निवेदनात तो तक्ता आला. विभाग, पद, रिक्त की भरलेलं, कार्यभार, वार. प्रवेशदारापाशी मोठ्या अक्षरात लावलाही. मला त्याचा मनापासून आनंद झाला, आणि मुख्याधिकाऱ्यांना भेटून मी तसं सांगितलं.

आता राहिलेल्या गोष्टी, आठवतील तशा. दाखला मिळाला की तो ‘मंजूर’ विकास योजनेनुसार दिलाय का ते वाचा. गावात सुधारित योजनेचं काम सुरू असेल तर चौकशी करा, कारण प्रारूप योजना, म्हणजे तिचा मसुदा, प्रसिद्ध झाली की हरकती-सूचनांना ३० दिवस मिळतात आणि ते कुणी घरी येऊन सांगत नाही. भाग नकाशा घरी आणून मोजणी नकाशाशेजारी ठेवून बघा. माझ्या प्लॉटच्या कोपऱ्यावरून एक प्रस्तावित रस्ता जातो हे मला त्यातच दिसलं; घराचा नकाशा काढायच्या आधी कळलं हे फार बरं झालं. कुणाच्या जागेवर आरक्षण दिसलं तर घाबरून जाऊ नका. योजना अंतिम झाल्यापासून १० वर्षांत जागा घेतली नाही तर नगररचना अधिनियमाच्या कलम १२७ खाली ‘जागा घ्या, नाहीतर आरक्षण सोडा’ अशी नोटीस देता येते. त्यासाठी मात्र वकील गाठा.

कार्यभारावरच्या अधिकाऱ्यांना भेटायचं तर सकाळी जा, दुपारनंतर ते साइटवर असतात. आणि अर्ज टाकायच्या आधी एक प्रश्न जरूर विचारा: सध्या डिजिटल सही कुणाची चालू आहे?

दाखल्याची पीडीएफ बँकेत देण्याआधी संगणकावर उघडून सहीवर क्लिक करून पडताळून घ्या. माझ्या प्रतीवर सहीच्या जागी पिवळं प्रश्नचिन्ह होतं आणि बँकेने ती परत केली. सही पडताळली की तिथे हिरवी खूण येते. तशी प्रिंट दिल्यावर त्यांनी ती लगेच घेतली.