आभाराची बरणी आणि त्यात पडलेला बिब्बा

आमच्या घरात ‘थँक यू’ फक्त दारात पार्सल ठेवून जाणाऱ्या माणसाच्या वाट्याला येतं. त्यामुळे लेकीने शाळेतून कागद आणला, की थँक्सगिव्हिंगपर्यंत, म्हणजे नोव्हेंबरातल्या अमेरिकन आभाराच्या सणापर्यंत, घरी ‘ग्रॅटिट्यूड जार’ सजवायचा आणि रोज त्यात एक चिठ्ठी टाकायची, तेव्हा सहा महिन्यांसाठी आलेली आई चष्मा वर करून म्हणाली, “घरच्यांचे कसले गं आभार? आभार कार्यक्रमाच्या शेवटी मानतात, माइकवर.”

बरणी सजवायला मात्र ती लगेच तयार झाली. आम्ही बॉस्टनच्या पश्चिमेला राहतो. ऑक्टोबरचा दुसरा आठवडा होता, बाहेर मेपल पेटल्यासारखे लाल झाले होते आणि आईला दुपारी करमत नव्हतं.

बरण्यांना तोटा नव्हता. पास्ता सॉसच्या, तुपाच्या, लोणच्याच्या, सगळ्या सिंकखाली जमवलेल्या. लेबलं गरम पाण्यात भिजवून काढली. मागे राहिलेला चिकटा खाण्याचा सोडा आणि खोबरेल तेल समसमान कालवून चोळला की निघतो. लोणच्याच्या बरणीचं झाकण मात्र सोड्यात बुडवलं, दोन दिवस उन्हात ठेवलं, तरी नाकाशी नेलं की मोहरी आणि हिंग हजर. वास झाकणाच्या आतल्या रबरात मुरतो. शेवटी ती बरणी बिनझाकणाची वापरली.

शेजारच्या आजींना हे कळल्यावर त्यांनी तळघरातून दोन निळसर काचेच्या जुन्या मेसन बरण्या आणून दिल्या. एकीवर उठावाच्या अक्षरांत ‘पेटंट, ३० नोव्हेंबर १८५८’. मी तर ती हातात धरायलाही घाबरले. आजी हसल्या. जॉन लँडिस मेसन नावाच्या पत्र्याच्या कारागिराने आट्यांच्या तोंडाच्या बरणीचं पेटंट घेतलं ती ही तारीख. पुढे कितीतरी वर्षं कारखाने बरण्यांवर तीच उठवत राहिले. ही त्यांच्या आईची होती, टोमॅटो भरून ठेवायची. तेव्हाच ठरवलं, या दोघींना गोंद लावायचा नाही.

पानांचं प्रकरण मला वाटलं होतं तितकं सोपं निघालं नाही. पहिल्या दिवशी ताजी पानं उचलली आणि क्राफ्टच्या दुकानातला पांढरा गोंद लावून थेट काचेवर चिकटवली. तिसऱ्या दिवशी गोंदाखाली फोड आले आणि लाल रंगाचा चहाच्या चोथ्यासारखा तपकिरी झाला. ओलावा आत कोंडला होता. मग आठवडाभर जाड पुस्तकात दाबून ठेवली. ती इतकी कुरकुरीत झाली, की बरणीच्या गोलाईवर वाकवताच पापडासारखी मोडली. तिसऱ्या खेपेला जमलं: दोनच दिवस दाबायची, ओल गेलेली पण लवचीकपणा शिल्लक असतानाच काढायची. पान लहान निवडायचं. तळहाताएवढं मेपलचं पान गोल बरणीवर कधीच नीट बसत नाही. देठ कापायचा, गोंद आधी काचेला लावायचा आणि मधल्या शिरेपासून कडेकडे बोटाने दाबत जायचं. वरून गोंदाचे दोन पातळ हात, पहिला पूर्ण सुकल्यावर दुसरा. मी घाईत एकच जाड हात दिला होता, तो चार दिवस चिकट राहिला आणि त्यात मांजराचे केस अडकले.

आणि मग बिब्बा. दगडी कुंपणावर चढलेल्या एका वेलीची पानं मला फार आवडली होती, गुळगुळीत, तांबडीलाल, तीन-तीनच्या झुपक्यात. लेकीला झाडाखालची पानं गोळा करायला लावून ती मी स्वतः, हातमोज्यांशिवाय, मूठभर तोडली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मनगटावर रेघोट्यांसारखे पुरळ, रात्री पाण्याचे फोड आणि जीव नको होईल अशी खाज. आईने हात दिव्याखाली धरला. “हा बिब्बा उतलाय.”

“आई, अमेरिकेत बिब्बा कुठून येणार?”

डॉक्टरांनी फोड पाहून लगेच सांगितलं, पॉयझन आयव्ही. घरी येऊन वाचलं तर ही वेल, आपला बिब्बा, काजू आणि आंबा एकाच कुळातले. आंब्याच्या चिकाने ओठ उततात, त्याच जातीचं तेल हिच्या पानांत असतं, आणि पान वाळलं तरी ते जात नाही. म्हणजे पुस्तकात दाबून ठेवलेली उरलेली पानंही तितकीच वाईट. पुस्तकासकट कचऱ्यात टाकली, कात्री साबणाने तीनदा धुतली. कामात बिब्बा घालणं इतकं शब्दशः कुणी केलं नसेल.

दहा दिवस उजवा हात बांधलेला, तेव्हा कारभार आईकडे गेला. तिने आजींच्या एका बरणीत डाळी रचल्या. वरणासाठी आणून उरलेली मसूरडाळ, चणाडाळ, मक्याचे दाणे, राजमा. आधी राजमा खाली आणि मसूर वर घातली होती. बरणी हलवली की मसूर फटींतून सरळ तळाला. मग क्रम उलटा केला, बारीक खाली, मोठं वर. टोके होऊ नयेत म्हणून सगळं आधी चार दिवस फ्रीझरमध्ये. मक्याचा थर लेकीचा हट्ट. तिच्या बाईंनी वर्गात थँक्सगिव्हिंगमागची १६२१ ची प्लिमथची गोष्ट सांगितली होती, इंग्लंडहून आलेल्या नवख्या लोकांना मका पेरायला शिकवणाऱ्या वाम्पानोआग या मूळ रहिवाशांची. शिवाय हेही, की मूळ रहिवाशांपैकी अनेक जण १९७० पासून थँक्सगिव्हिंगच्याच दिवशी प्लिमथला जमून शोकदिन पाळतात. लेकीने जेवताना विचारलं, “मग आपण कुणाचे आभार मानायचे?” नवरा भाताकडे बघत राहिला. मीही.

आईला पानांच्या बरणीत पणती लावायची होती. कागद, वाळकी पानं आणि गोंद एकत्र. मी बॅटरीचा दिवा आणला. “उजेड पडतोय, पण दिवा लागलाय असं वाटत नाही,” हे तिचं मत, आणि खरं सांगायचं तर माझंही.

थँक्सगिव्हिंगला टर्की नव्हती. भोपळ्याचे घारगे होते. जेवण झाल्यावर बिनझाकणाच्या बरणीतल्या चिठ्ठ्या काढल्या. नवऱ्याच्या अकरा, त्यातल्या चार पार्किंग मिळाल्याबद्दल. लेकीच्या बहुतेक मांजराला उद्देशून. माझ्या वाचताना मलाच संकोच वाटला, ‘मी कृतज्ञ आहे’ असं मी मराठीत आजवर कुणाला म्हटलेलं नव्हतं.

आईची एकच. आठवणीच्या यादीसारखी, खाली रेघ मारलेली:

‘शेजारच्या बाईंच्या दोन बरण्या परत करायच्या आहेत. रिकाम्या देऊ नयेत.’

शुक्रवारी सकाळी ती क्रॅनबेरी चिरायला बसली. कैरीसारखी आंबट लागतात म्हणाली, मेथी थोडी जास्त घालावी लागेल. १८५८ लिहिलेली बरणी तिने उकळत्या पाण्यातून काढून पुसून ठेवली होती. तिचं झाकण मात्र मी आधीच बाजूला काढून नवं लावलं. हिंगाचा वास एकदा लागला की आजींच्या आईच्या झाकणाचं काय होईल, ते मला आता ठाऊक होतं.